डोंगरावरची कॅक्टस बाग: बघावी कशी, रोप आणावे कसे, खाली गावात जगवावे कसे

विदर्भात कॅक्टस उन्हाने मरत नाही, पावसाळ्यात मरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी कुंडीतला काटेरी गोळा नुसता आकसून बसतो. मृग लागून दोन झडी झाल्या की तोच गोळा बुडातून मऊ पडतो आणि बोट लावले तर बोट आत जाते. मग आपण म्हणतो, आपल्याकडे हे झाड जमत नाही. झाडाचा काही दोष नसतो. ते बसवलेले असते वावरातून आणलेल्या काळ्या मातीत, आणि ती माती आठ-आठ दिवस पाणी सोडत नाही.

म्हणून डोंगरावर फिरायला गेल्यावर कॅक्टसची बाग दिसली, की फुले आणि आकार जरूर बघा, पण तिथे पाणी कुठून येते आणि कुठे निघून जाते हे आधी बघा. पुढचे सगळे त्याच अंगाने लिहिले आहे.

आधी धुऱ्यावर एक चक्कर

सहलीला निघण्याआधी आपल्याच शिवारातली काटेरी झाडे नीट बघून घ्या. गावात आपण सरसकट सगळ्यांना निवडुंग म्हणतो, पण त्यातला खरा कॅक्टस बहुधा एकच असतो: फड्या निवडुंग, म्हणजे चपट्या फडा एकावर एक चढलेला. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग आणि बिनकाट्याच्या हिरव्या कांड्यांचा शेर हे तिन्ही कॅक्टसपेक्षा वेगळ्या कुळातले. घायपात आणि कोरफडही कॅक्टस नव्हेत.

ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे एका लहानशा मऊ, लोकरीसारख्या ठिपक्यातून निघतात, आणि फूलही तिथूनच किंवा त्याच्या अगदी जवळून येते. फडीवर हे ठिपके ओळीने मांडलेले स्पष्ट दिसतात. त्रिधारीला असा ठिपका नसतो. त्याचे काटे जोडीजोडीने थेट धारेवरच असतात, आणि खरचटले की पांढरे दूध वाहते. काही छोट्या मॅमिलेरिया कॅक्टसांतही दूध निघते, त्यामुळे नुसत्या दुधावर जाऊ नका, ठिपका बघा. शेर किंवा त्रिधारीचे दूध डोळ्यात गेले तर फार त्रास होतो. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा, घरगुती औषध घालत बसायचे नाही.

फडीवर कधी कधी कापूस चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. काडीने एक चिरडून बघा, गर्द लाल रंग निघेल. हा कोचिनील जातीचा किडा. तांबडा रंग मिळेल या आशेने १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ब्राझीलहून असा किडा भारतात आणला गेला, पण आला तो भलत्याच जातीचा. रंग काही धड मिळाला नाही, किड्याने मात्र इथे माजलेली फड्या निवडुंगाची एक जात फस्त केली. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेहून दुसरी जात आणली गेली, ती मुद्दाम निवडुंग आटोक्यात आणण्यासाठी. निवडुंग मुळात अमेरिका खंडातला, जहाजांतून आलेला पाहुणा. म्हाताऱ्या माणसांना विचारले तर पूर्वी निवडुंगाची केवढी बने होती ते सांगतात. ती कमी होण्यात या किड्याचा मोठा हात आहे.

आणखी दोन कॅक्टस तुमच्या ओळखीचे असतील. ड्रॅगन फ्रूट हा वेलकट कॅक्टसच. आणि श्रावण-भाद्रपदात रात्री उमलणारे, शेजारपाजारचे लोक बघायला बोलावतो ते कुंडीतले ब्रह्मकमळही अमेरिकेकडचा कॅक्टस आहे.

जायचे कधी आणि कुठे

आपल्याला जवळचा डोंगर म्हणजे चिखलदरा. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर. अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर, तिथून घाटाने अजून तीसेक. रेल्वेने येणाऱ्याने बडनेऱ्याला उतरावे. एसटी आहे, पण शेवटच्या गाडीची वेळ परतवाड्याच्या स्टँडवर विचारूनच वर चढा. स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल खालीच भरा, थोडे रोख पैसे जवळ ठेवा, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा. हा मेळघाट आहे, रस्त्यावर जनावर आडवे येते.

बहुतेक लोक पावसाळ्यात जातात. धबधबे आणि धुके बघायला ते ठीक, पण कॅक्टससाठी तो सगळ्यात वाईट काळ. फुलांसाठी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत जा. वेळही सांभाळा. बऱ्याच गोल जातींची फुले ऊन चढल्यावर उघडतात आणि संध्याकाळी मिटतात, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ बरी. उंच खांबासारख्या सेरियसचे उलटे असते. त्याचे मोठे पांढरे फूल रात्री उमलते आणि सकाळी उन्हाबरोबर मान टाकते.

कॅक्टस कुठे दिसतील? हिल स्टेशनवरच्या उद्यानांत, रोपवाटिकांत, कुठे हॉटेलच्या आवारात. छोटा कोपरा असला तरी पुरतो. लांब जायची तयारी असेल तर पश्चिम बंगालमधल्या कालिंपोंगची पाइन व्ह्यू नर्सरी कॅक्टससाठी देशभर ओळखली जाते, आणि हरियाणात पंचकुला इथे १९८७ साली सुरू झालेले सात एकरांचे कॅक्टस उद्यान आहे. पंचकुला डोंगरावर नाही, शिवालिकच्या पायथ्याशी आहे, पण उत्तरेची सहल ठरली असेल तर वाट वाकडी करण्यासारखे.

चिखलदऱ्याला गेलातच तर गाविलगड सोडू नका. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो घेतला. किल्ल्याच्या जुन्या तटावर, दगडाच्या सांध्यांत मूठभर मातीत झाडे कशी तगतात ते बघत चला, कॅक्टसबद्दलचे अर्धे शिक्षण तिथेच होते. पण तिथले काही उपटू नका. अभयारण्याच्या हद्दीतून झाड, कंद, बी काहीही काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि जंगलातले झाड कुंडीत बहुधा जगतही नाही.

बागेत शिरल्यावर

आधी छत बघा. डोंगरावर सपाटीपेक्षा पाऊस कितीतरी जास्त, तरी तिथे कॅक्टस टिकतात, कारण कळती माणसे त्यांना आडोशाखाली ठेवतात. वर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक, बाजू मोकळ्या, वारा आरपार. बाजूही बंद असतील तर आत वाफ कोंडते, आणि अशा बागेत बुरशीचे डाग हमखास सापडतील.

मग खाली वाकून वाफा बघा. जमिनीपासून किती उचललेला आहे? वर खडी पसरली आहे का? कुंड्या जमिनीवर आहेत की जाळीच्या, फळ्यांच्या मांडणीवर? मांडणीवर ठेवलेल्या कुंडीच्या बुडाचे भोक मोकळे राहते, पाणी थेंबाथेंबाने निघून जाते. जमिनीवर टेकवलेल्या कुंडीचे भोक चिखलाने बुजते. फरक एवढाच, पण त्याच्यावर झाडाचा जीव अवलंबून असतो.

आता झाड. पट्ट्या, म्हणजे उभ्या धारा, नीट बघा. पाणी प्यालेल्या कॅक्टसच्या धारा फुगून एकमेकींपासून दूर जातात, तहानलेल्याच्या मिटून जवळ येतात. घरी आल्यावर हीच तुमची पाण्याची घड्याळपट्टी होणार आहे, म्हणून दोन्ही प्रकारची झाडे शोधून शेजारी शेजारी बघा. काहींच्या अंगावर पांढरी लव किंवा केस असतात, ती उन्हाची सावली. बुडाशी तपकिरी, खरखरीत, बुचासारखा थर आला असेल तर घाबरू नका, ते वयाचे लक्षण. मऊ, काळपट, ओलसर डाग मात्र सडण्याचे लक्षण.

झाडाचे फोटो काढताना नावाची पाटी त्याच चौकटीत येऊ द्या. वेगळे काढले की घरी कुठले नाव कुणाचे ते कळत नाही.

आणि माळीदादांशी बोला. "भाऊ, पावसाळ्यात हे आत नेता का बाहेरच राहते?" एवढे विचारले तरी माणूस खुलतो. कुठले मरतात, कुठले मारले तरी मरत नाहीत, खत किती घालता, हे पुस्तकात मिळणार नाही ते त्याच्याकडून मिळते. नर्सरी गावात असेल आणि माळी जवळपासच्या खेड्यातला असेल तर फारच उत्तम, त्याला आपल्याकडचे हवामान ठाऊक असते.

लहान लेकरे सोबत असतील तर ससेकानासारख्या चपट्या फडीच्या झाडांपासून त्यांना लांब ठेवा. त्यावर मोठे काटे नसतात, नुसते पिवळे-तपकिरी मखमली ठिपके दिसतात, म्हणून हात लावावासा वाटतो. त्या ठिपक्यांत शेकडो आकडेदार केसासारखे काटे असतात. ते बोटात शिरले की दिसत नाहीत, खुपत राहतात. काढायला चिकटपट्टी दाबून ओढा, किंवा लाकडाला लावतात तो पांढरा गोंद पातळ पसरवा, पूर्ण वाळू द्या आणि सालीसारखा सोलून काढा. मोठा काटा असेल तर सरळ चिमटा. चोळू नका आणि तोंडाने ओढू तर अजिबात नका.

विकत घेताना

लाल, पिवळे, केशरी गोळे डोक्यावर असलेली हिरवी काडी सगळीकडे विकायला असते. हे कलम आहे. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. खालची तीनधारी हिरवी काडी बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीची असते आणि तीच त्याला पोसते. आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बांधतात तसाच प्रकार, फक्त इथे खुंट गेला की वरचा गोळाही गेला, आणि दोघे मिळून थोडीच वर्षे काढतात. दिसायला गोड आहे, पण पहिल्या खरेदीत घेऊ नका.

कॅक्टसच्या टोकाला वाळलेले चमकदार फूल दिसले तर बारकाईने बघा. पुष्कळदा ते गरम गोंदाने चिकटवलेले सुके फूल असते. खरे फूल लोकरी ठिपक्यापाशी उगवते आणि पाकळ्या ओलसर असतात. रंग फवारलेले कॅक्टसही घेऊ नका. त्या रंगाखाली झाड गुदमरते.

पेन्सिलच्या बोथट टोकाने बुडाशी हलके दाबा. घट्ट लागले पाहिजे. हलवून बघा, कुंडीत डगमगत असेल तर मुळे धरलेली नाहीत. ठिपक्यांभोवती कापसासारखे पांढरे असेल तर पिठ्या ढेकूण आहे. पऱ्हाटीवर बघितला असेल त्याला ओळख करून द्यायची गरज नाही.

सुरुवातीला घ्यायचे तर गोल्डन बॅरल, साध्या मॅमिलेरिया, सेरियस, एकिनोप्सिस. हे चुका सहन करतात. लिंबाएवढे किंवा संत्र्याएवढे रोप घ्या. मोठे झाड डौलदार दिसते पण जागा बदलली की रुसते, आणि घाटातून आणणेही अवघड.

घाटातून घरापर्यंत

नर्सरीवाल्याला म्हणा, आज पाणी घालू नका. ओल्या मातीची कुंडी वळणावर सांडते आणि मुळे तुटली तर ओलाव्यात सडतात. वर्तमानपत्राची लांब घडी करून पट्टा तयार करा, झाडाभोवती गुंडाळा आणि पट्ट्याची टोके धरून उचला. हातमोजे असले तरी हा पट्टा बरा, काटेही मोडत नाहीत. खोक्यात उभे ठेवून मधल्या जागी कागदाचे बोळे कोंबा. एसटीत खोके मांडीवर, वरच्या रॅकवर नको, खाली बसलेल्याच्या डोक्यावर आले तर भांडण होईल. बंद गाडीत उन्हात ठेवून जेवायला जाऊ नका.

गावात रुजवताना

खरे काम इथे सुरू होते.

आणलेले रोप पंधरा दिवस बाकी झाडांपासून वेगळे, उजेडाच्या सावलीत ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात बाहेर पडते. नंतर कुंडी बदला. नर्सरीचे माध्यम बहुधा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा असतो. ते आपल्या उन्हात एकदा कडक वाळले की पाणी बाजूने निघून जाते, आणि पावसाळ्यात भिजले की सुटत नाही. तेही काढून टाका.

मिश्रण गावातल्याच मालाचे. दोन घमेली चाळलेला मुरूम, दोन घमेली धुतलेली जाड रेती किंवा बारीक गिट्टी, एक घमेले पूर्ण कुजलेले, जुने शेणखत. मुरमाची आणि गिट्टीची भुकटी धुऊन किंवा चाळून जाऊ द्या, तीच भोके बुजवते. चुलीतल्या कोळशाचे तुकडे मूठभर घातले तर चांगले. राख मात्र नको. काळी माती चिमूटभरही नको, कितीही सुपीक असली तरी. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि त्या ओढाताणीत बारीक मुळे तुटतात. मिश्रण बरोबर झाले का याची परीक्षा अशी: कुंडी भरून लोटाभर पाणी ओता. चार-पाच सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. वर तळे साचले तर अजून गिट्टी घाला.

कुंडी मातीची, झाडापेक्षा दोन बोटे मोठी, बुडाला भोक. चिनीमातीच्या बिनभोकाच्या शोभेच्या वाट्या भेट द्यायला ठीक. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. तुटलेल्या मुळांना सुकायला तेवढा वेळ लागतो.

नर्सरीत रोप हिरव्या जाळीखाली वाढलेले असते. त्याला एकदम अंगणातल्या उन्हात ठेवले तर एका बाजूला पांढुरका डाग पडतो, तो तपकिरी होतो आणि झाड जिवंत असेपर्यंत राहतो. आधी सकाळचे दोन तास, मग चार, असे महिनाभरात सवय लावा. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः नवतपात, निम्मी सावली देणारी जाळी लावाच. टिनाच्या शेडखाली अगदी वर ठेवू नका, तिथली झळ उघड्या उन्हापेक्षा वाईट. कवेलूच्या पडवीची पूर्वेकडची कड सगळ्यात उत्तम.

पाण्याचा हिशेब ऋतूवर. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी. कॅक्टस आपली श्वासाची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतो, आणि तापलेल्या कुंडीत दुपारी घातलेले पाणी मुळे शिजवते. द्यायचे तेव्हा खालून निघेपर्यंत द्या, रोज चमचाभर शिंपडण्यात अर्थ नाही. देण्याआधी बांबूची कामटी कुंडीत खोल खुपसून काढा. ओली निघाली तर थांबा.

पाणी कुठले हाही प्रश्न आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा खारपाण पट्ट्यातल्या गावांत बोअरचे पाणी खारे असते. काही महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरी पापडी चढते आणि झाडाची वाढ थांबते. पावसाचे पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा, कॅक्टसला वर्षभर फार लागत नाही. पापडी धरलीच तर वरचा इंचभर थर बदला.

मृगाच्या आधी छत झाले पाहिजे. चार बांबू, वर पारदर्शक प्लास्टिक उतारावर ताणलेले, बाजू मोकळ्या. जून ते सप्टेंबर पाणी जवळजवळ बंद. धारा फार मिटल्या आणि आठवडाभर उघाड असेल तरच थोडे. अंगणात वाफाच करायचा असेल तर खोदू नका, उंच करा. तळाला पडक्या भिंतीचे विटा-दगड, वर गिट्टी, वर मुरमाचे मिश्रण, असा दीड-दोन फुटांचा उतरता ढीग. खड्डा केला की काळ्या जमिनीत त्याचा हौद होतो.

पिठ्या ढेकूण दिसला तर कानातल्या काडीच्या कापसाला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुंजका पुसा, आठ दिवसांनी पुन्हा. कपाशीवरचे उरलेले औषध कुंड्यांवर मारायचा मोह टाळा, अंगणात लेकरे असतात. अंगावर गंजल्यासारखी खरखर आणि बारीक जाळे दिसले तर लाल कोळी. संध्याकाळी निंबोळी तेलाचे पाणी फवारा.

आणि सडलेच तर? फेकू नका. धारदार चाकू स्पिरिटने पुसून मऊ भागाच्या वर आडवा काप घ्या. कापलेल्या तोंडावर मध्यभागी एक फिकट कडे दिसेल. त्या कड्यात एकही तपकिरी ठिपका असेल तर अजून वर कापा, चाकू दर वेळी पुसून. कडे स्वच्छ, एकसारखे हिरवट-पांढरे दिसेपर्यंत. मग वरचा तुकडा सावलीत, वाऱ्यावर, दहा-पंधरा दिवस तसाच ठेवा. तोंडाला कोरडी कडक साल आली की कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा. काही आठवड्यांनी हलके उचलून बघा. मुळे धरली असतील तर तो उचलला जात नाही. त्यानंतर पहिले पाणी.

फूल हवे असेल तर हिवाळ्यात त्याला उपाशी ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद, थंडी आणि भरपूर ऊन. झाड सुकल्यासारखे, लालसर दिसेल, दिसू द्या. फेब्रुवारीच्या शेवटी पहिले पाणी द्या, अर्धेच, आणि पुढचे आठवड्याने.